सर्व काही कायद्याप्रमाणे

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या या शहरातील मराठी मंडळाने आपल्या सभागृहात एक जुना इटालियन चित्रपट दाखविला. तिळगुळाचा कार्यक्रम आटोपला होता, मुलाबाळांची कुटुंबे घरी परतली होती, आणि मागे राहिलेल्या पन्नाससाठ मंडळींत बहुतेक आपल्यासारखीच होती : कोणी रेल्वेत, कोणी लेखापरीक्षणात, कोणी आयकर खात्यात, बदलीच्या हुकुमाने येथे आलेली आणि बदलीच्या हुकुमानेच उद्या येथून जाणारी. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. उभी हयात शासनाच्या सेवेत घालविलेले, निष्कलंक म्हणून ख्याती असलेले हे गृहस्थ. त्यांनी मोजक्या शब्दांत चार आक्षेप घेतले. चित्रपट रक्तपाताने भरलेला आहे, हा पहिला. अमेरिकनांच्या घोडेस्वारी-चित्रपटांची ही इटलीत बनविलेली स्वस्त नक्कल आहे, हा दुसरा. येथे दुष्टांचा जय होतो, म्हणून तो अनीतिकारक आहे, हा तिसरा. आणि अमेरिकेतल्या दरोडेखोरांशी आपणांस काय कर्तव्य आहे, हा चौथा. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. आम्ही टाळ्या वाजविल्या नाहीत. परंतु आम्ही बोललोही नाही. कोट चढवून, नमस्कार-चमत्कार करून घरी आलो. त्या गप्प राहण्याची बोचणी अजून गेलेली नाही. ती जावी म्हणून हा लेख.

चित्रपटाचे नाव ‘इल ग्रांदे सिलेंझिओ’, म्हणजे ‘महामौन’. तो १९६८ साली इटलीत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुच्ची. याच गृहस्थाने १९६६ साली ‘जांगो’ नावाचा सूडपट काढून नाव आणि पैसा दोन्ही मिळविले होते. १९६४ मध्ये सर्जिओ लेओनेच्या चित्रपटाने जी लाट उठविली, तिच्यात पुढील दहाबारा वर्षांत असले शेकडो चित्रपट इटलीत निघाले. थोडे भांडवल, स्पेनमधील अल्मेरियाची उजाड जमीन, रोमजवळच्या स्टुडिओतील लाकडी गाव, एखाददुसरा परदेशी नट आणि एक सूडकथा, एवढ्या सामग्रीवर ते उभे राहत. समीक्षकांनी हेटाळणीने त्यांना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हटले. त्या ढिगाऱ्यात टाकाऊ माल पुष्कळ होता, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. आमचे म्हणणे त्या ढिगाऱ्याविषयी नाही. ते त्यातल्या या एका चित्रपटाविषयी आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा सांगणे अवश्य आहे. काळ १८९८ चा हिवाळा, स्थळ अमेरिकेच्या यूटा राज्यातील ‘स्नो हिल’ नावाचे कल्पित गाव. सर्वत्र बर्फ. गावाबाहेरच्या डोंगरात काही माणसे लपून राहिली आहेत. उपासमारीने त्यांना चोऱ्या करावयास लावले, आणि चोऱ्यांमुळे ती ‘फरारी गुन्हेगार’ ठरली. प्रत्येकाच्या शिरावर बक्षीस लागलेले आहे, जिवंत अथवा मृत. या बक्षिसावर उपजीविका करणारी एक टोळी त्या भागात आहे. तिचा म्होरक्या लोको. हे काम क्लाउस किन्स्की या जर्मन नटाने केले आहे. हा लोको दात-ओठ खाणारा राक्षस नव्हे. तो सौम्य बोलतो, लोकांशी अदबीने वागतो, प्रेते बर्फात पुरून ठेवतो आणि सवडीने उकरून गाडीच्या टपावर लादून नेतो. एखाद्या ठेकेदाराने माल पोहोचता करावा तसा. आणि कोणी हटकलेच, तर तो शांतपणे सांगतो की आपण करतो ते सारे कायद्याला धरून आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : तो खोटे बोलत नाही.

पॉलीन नावाच्या स्त्रीचा नवरा असाच ‘कायदेशीर’ मारला जातो. ही भूमिका व्होनेटा मॅगी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे. १९६८ सालच्या वेस्टर्न चित्रपटात कृष्णवर्णीय विधवा ही कथेची नायिका असणे ही लहान गोष्ट नव्हती. दाद मागावी तर कोणाकडे? गावातील पॉलिकट हा सावकारही आहे आणि न्यायदंडाधिकारीही. फरारी माणसांना गुन्हेगार ठरविण्यात त्याचा हात, त्यांच्या मृत्यूचे बक्षीस मोजण्यात त्याचा हात, आणि पॉलीनवर त्याची वाईट नजर. मग ती सायलेन्स नावाच्या पिस्तूलबाजाला बोलावते. मोबदला हजार डॉलर. तेवढ्यासाठी ती घर विकावयास काढते, आणि गिऱ्हाईक म्हणून समोर उभा राहतो तो पुन्हा पॉलिकटच.

सायलेन्स मुका आहे. लहानपणी असल्याच मारेकऱ्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांना मारले, आणि पोराने पुढे साक्ष देऊ नये म्हणून त्याचा गळा कापला. फ्रेंच नट ज्याँ-लुई त्रँतिन्याँ याने एकही शब्द न उच्चारता ही भूमिका केली आहे. सायलेन्सची रीत अशी, की तो स्वतः आधी पिस्तूल काढीत नाही. तो समोरच्याला डिवचतो, त्याला आधी हत्यार काढावयास लावतो, आणि मग त्याच्यापेक्षा चपळाईने मारतो. म्हणजे कागदावर तो स्वसंरक्षण ठरते. जो शरण येतो त्याचा अंगठा तो गोळीने उडवितो, जेणेकरून त्याने पुन्हा घोडा ओढू नये.

राज्यपालाने या प्रदेशात सुव्यवस्था लावण्यासाठी एक शेरीफ पाठविला आहे. तो प्रामाणिक आहे, थोडा भाबडा आहे. वाटेत उपाशी फरारी त्याला अडवितात. लूट म्हणून ते त्याचा घोडा नेतात, तो खाण्यासाठी. फरारी लोकांना माफी मिळावयाची आहे. कागद हलू लागले आहेत. थोडेच दिवस थांबावे, असा त्याचा सल्ला. तो लोकोला कैद करून नेतो, आणि वाटेत लोको त्याला गोठलेल्या तळ्यात बुडवून मारतो. मग लोको परत येतो. अन्नाच्या आशेने गावाकडे आलेल्या फरारी माणसांना त्याची टोळी पकडून पिठ्यात बांधून ठेवते आणि सायलेन्सला निरोप पाठविते. सायलेन्सचा हात निखाऱ्यांत भाजलेला आहे. तरी तो येतो. आणि मरतो. त्याचे पिस्तूल उचलणारी पॉलीन मरते. बांधलेली माणसे बांधलेल्या स्थितीतच मारली जातात. लोको सायलेन्सचे पिस्तूल उचलतो आणि सकाळच्या प्रकाशात साथीदारांसह घोड्यावरून निघून जातो. प्रेतांचा हिशेब नंतर करता येईल. ते सर्व कायद्याप्रमाणेच आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ‘रक्तपात फार आहे.’ आहे. परंतु सूडाच्या कथेत रक्त निघते हा शोध इटालियनांनी लावलेला नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ नाटक ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली मराठीत आणले. त्याच्या शेवटी रंगभूमीवर किती प्रेते पडतात हे आमच्या ज्येष्ठ मित्रांना ठाऊक असावयास हवे. त्यांच्या पिढीने ते अभ्यासक्रमात वाचले आहे. ते वाचून कोणी विष कालवलेल्या तलवारी घेऊन हिंडू लागल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न रक्त किती याचा नसतो. ते कोणत्या रीतीने दाखविले आहे याचा असतो. ज्या चित्रपटात शंभर माणसे मरतात आणि प्रेक्षक शेंगदाणे खात राहतो, तो चित्रपट खरा हिंस्र. ‘महामौन’ संपल्यावर त्या सभागृहात कोणाला काही सुचत नव्हते. त्या दोन मिनिटांच्या शांततेत चित्रपटाचे काम झाले होते. आक्षेप घेऊन आमच्या मित्रांनी ती शांतता मोडली, एवढेच.

‘ही स्वस्त नक्कल आहे.’ स्वस्त होती यात शंका नाही. डोंगरांतील दृश्ये डोलोमाइट पर्वतात, कोर्तिना द’आंपेत्सोच्या परिसरात, खऱ्या बर्फात घेतली. परंतु गावातली काही दृश्ये रोमच्या स्टुडिओत घेताना बर्फ म्हणून दाढीच्या साबणाचा फेस पसरला. त्या काळच्या इटालियन रिवाजाप्रमाणे नट आपापल्या भाषांत बोलत आणि आवाज मागाहून दुसऱ्यांचे घालीत. त्यामुळे ओठ आणि शब्द यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. या उसन्या आवाजांच्या गर्दीत ज्याला आवाजच नाही असा एकटा सायलेन्स तेवढा अस्सल वाटतो, हा योगायोग असो वा योजना असो, आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. संगीत एन्निओ मोरिकोने याचे आहे. त्याच्या इतर वेस्टर्नपटांत ऐकू येणारी शीळ आणि चाबकाचे फटकारे येथे जवळजवळ नाहीत. बर्फ पडावा तसे हे संगीत हळूहळू पडते.

राहिली नक्कल. लेओनेचा १९६४ चा चित्रपट अकिरा कुरोसावाच्या १९६१ च्या ‘योजिम्बो’वरून उचललेला होता; जपानी कंपनीने दावा सांगितला आणि भरपाई वसूल केली. अमेरिकन कथा जपानने पचविली, जपानी कथा इटलीने घेतली. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तेव्हा मराठी रंगभूमी गरीब झाली नाही. नक्कल करणारा मूळ वस्तूला कोणता नवा प्रश्न विचारतो हे पाहावयाचे असते. अमेरिकन वेस्टर्नने पन्नास वर्षे सांगितले की रानटी प्रदेशात कायदा आला आणि न्याय झाला. कोर्बुच्चीने विचारले, कायदा आला हे खरे. पण तो कोणाच्या खिशात आला?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे. दुष्टांचा जय दाखविणे अनीतिकारक, हे मत आमच्या मित्रांचे एकट्याचे नाही; खुद्द निर्मात्यांचेही तेच होते. त्यांच्या आग्रहावरून कोर्बुच्चीला दुसरा एक शेवट चित्रित करावा लागला. त्यात बुडालेला शेरीफ जिवंत निघून ऐन वेळी घोडा फेकीत येतो, लोको मरतो, सायलेन्स वाचतो, आणि पॉलीन आनंदाने हसते. आशिया आणि उत्तर आफ्रिका येथील बाजारांसाठी तो होता, असे म्हटले जाते. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी! आम्ही तो पाहिला आहे. तो पाहून आम्हांला हसू आले आणि मागाहून लाज वाटली. हसू त्याच्या भाबडेपणाचे. लाज या गोष्टीची, की आम्हांला नेमके हेच पाजले जाते आणि आम्ही ते गोड मानून घेतो.

याचा दाखला आपल्या घरातच आहे. ‘शोले’ कोणी पाहिला नाही असा वाचक विरळा. रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या या चित्रपटावर इटालियन वेस्टर्नचे ऋण उघड आहे; ठाकूरच्या कुटुंबाची हत्या लेओनेच्या १९६८ च्या चित्रपटाची आठवण करून देते. मूळ शेवटात हात तोडलेला ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, तोच देशात आणीबाणी लागू झाली होती. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे परिनिरीक्षण मंडळाला मानवले नाही. म्हणून शेवट बदलला : ऐन क्षणी पोलीस येतात, कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला घेऊन जातात. पन्नास वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मूळ शेवटासह तो चित्रपट इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविला गेला. पण मौज पाहा. ज्या वर्षी हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात होती, तेही कायद्याप्रमाणे, त्याच वर्षी पडद्यावर कायद्याची प्रतिष्ठा राखण्याची एवढी काळजी घेतली गेली! पडद्यावरचा कायदा जितका शुद्ध, तितकी पडद्याबाहेरच्या कायद्याकडे पाहण्याची गरज कमी. गोड शेवटाची अनीती ती हीच.

येथे कोणी म्हणेल, मग तुम्ही सूडाचे समर्थक आहात काय? मुळीच नाही. आणि चित्रपटही नाही. त्याने सूडाला कोणतेही देवत्व दिलेले नाही. सायलेन्स मोबदला घेतो. तोही आपल्या गोळीला कायद्याचे पांघरूण घालतो. आणि शेवटी त्याच्या सूडाने एकही जीव वाचत नाही. सूडातून न्याय निघतो असे सांगणारे चित्रपट त्या ढिगाऱ्यात शेकड्यांनी आहेत. हा चित्रपट त्यांच्याशीच भांडतो. परंतु सूड निपजतो कोठून, हे तो सांगतो. पॉलीनने आधी पिस्तूलबाज शोधला नसता, जर तिची तक्रार घेणारी एक तरी कचेरी त्या बर्फात उघडी असती. सायलेन्सने पिस्तूल उचलले नसते, जर त्याचा गळा शाबूत ठेवून कोणी त्याची साक्ष लिहून घेतली असती. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर सूड म्हणजे कोणत्याही दप्तरात दाखल न झालेला अर्ज. तो अर्ज ज्यांनी परत केला, ते रक्त पाहून नाक मुरडण्यास पात्र नाहीत.

आता चौथा आक्षेप : आपणांस काय कर्तव्य? आमचे उत्तर असे, की या चित्रपटाशी कोणाला कर्तव्य असेल तर ते आपणांसच आहे. शिरावर बक्षीस लावण्याची रीत आपणांस परकी नाही. वासुदेव बळवंत फडक्यांच्या शिरावर इंग्रज सरकारने इनाम लावले, तेव्हा त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नराच्या शिरावर इनाम जाहीर केले. हा १८७९ चा प्रसंग आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्या एका उत्तराने त्यांनी दाखवून दिले, की इनामपत्रकावर मोहोर कोणाची एवढाच काय तो फरक. त्याच्या आधी आठच वर्षे, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्यान्वये जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. मूल जन्मास यावे आणि नोंदवहीत गुन्हेगार म्हणून चढावे! हजेरी देण्याची सक्ती, परवान्यावाचून हालण्याची बंदी. महाराष्ट्रातील पारधी व इतर अनेक जमाती त्या कायद्याखाली भरडल्या गेल्या. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. ऐंशी वर्षे त्या नोंदवह्या कोणी लिहिल्या? साहेबाने सही केली असेल; पण अक्षर कारकुनाचे होते, आणि तो कारकून पुष्कळदा आपल्यासारखाच सुशिक्षित, पापभीरू, सायंकाळी रामरक्षा म्हणणारा गृहस्थ होता. त्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, सर्व काही कायद्याप्रमाणे आहे. आणि तोही खोटे बोलला नसता.

आम्ही हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमची नेमणूक उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी होती. शासकीय जमिनीच्या एका तुकड्यावर भटक्यांची तीसचाळीस पाले पडली होती. कोणी थोर पाहुणे त्या रस्त्याने जावयाचे होते. अतिक्रमण हटविण्याचा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला. आम्ही तो बारकाईने तपासला. जमिनीचा उतारा पाहिला, नोटीस बजावल्याचा पंचनामा पाहिला, मुदत मोजली. कोठे काडीइतकी उणीव नव्हती. आम्ही सही केली. महिना डिसेंबर होता, आणि त्या प्रदेशातला डिसेंबर काय असतो हे तेथे राहिलेल्यांस ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून पाहणीस गेलो. मैदान स्वच्छ होते. जागोजागी तीन-तीन दगडांच्या चुली तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीतली राख अजून ऊन होती. ती माणसे कोठे गेली हे आम्ही विचारले नाही. तो प्रश्न प्रस्तावात नव्हता. ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा आम्हीच मारला. वरिष्ठांनी चोख कामाबद्दल शाबासकी दिली. पुढे कित्येक वर्षे आम्हांला ते आठवलेही नाही. संक्रांतीच्या रात्री पडद्यावर ते बर्फ आणि ती उपाशी माणसे पाहिली, तेव्हा ती ऊन राख आठवली.

आमच्या ज्येष्ठ मित्रांना चित्रपट का आवडला नाही, याचे आमच्या मते खरे कारण रक्त नव्हे. सूडाच्या चित्रपटात प्रेक्षकाला बसावयास एक जागा लागते. सायलेन्सच्या जागी आपण बसू शकत नाही. आमचा गळा कोणी कापलेला नाही. पॉलीनच्या जागी बसू शकत नाही. आमचे पेन्शन सुरक्षित आहे. लोकोच्या जागी बसण्याची कल्पनाही सहन होत नाही. मग राहतात दोनच. एक पॉलिकट, ज्याच्या हाती शिक्का आहे. दुसरा तो शेरीफ, जो मनाने चांगला आहे आणि वरून हुकूम येईपर्यंत थांबा म्हणतो. पहिल्याच्या जागी आपण बसत नाही, असे आम्ही धरून चालतो. परंतु दुसऱ्याच्या? माफीचा कागद खरोखरच निघावयाचा होता. शेरीफ खोटारडा नव्हता. तो फक्त असे समजत होता, की कागद येईपर्यंत माणसे जिवंत राहतील. आपल्यापैकी किती जणांनी, किती वेळा, हेच समजून फाइल उद्यावर ठेवली आहे?

आपण घरापासून दूर राहणारी मराठी माणसे न्यायनिष्ठुरतेचा मोठा अभिमान बाळगतो. गणेशोत्सवातील भाषणात रामशास्त्र्यांचे नाव आले नाही असे एक वर्ष जात नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश आपला आदर्श. प्रभातने १९४४ साली त्याच्यावर काढलेला चित्रपट आपल्या वाडवडिलांनी डोळे पुसत पाहिला. परंतु रामशास्त्री थोर कशामुळे? कायद्याचे पुस्तक त्यांना पाठ होते म्हणून नव्हे. तसे शास्त्री पुण्यात पुष्कळ होते. ज्याच्या हाती सत्ता होती त्याच्या तोंडावर ते बोलले, आणि बोलल्यावर पदावर चिकटून बसले नाहीत, म्हणून. भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांना शास्त्र कमी ठाऊक होते काय? धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून ते स्वस्थ बसले. त्या स्वस्थतेची किंमत पुढे अठरा दिवस मोजावी लागली, आणि शेवटी निजलेल्या माणसांच्या रात्रीच्या कत्तलीपर्यंत गोष्ट गेली. सूडाची कथा नेहमी अशाच एका सभेत सुरू होते, जेथे बोलू शकणारे सर्वजण गप्प असतात.

चित्रपटाच्या नावाचा अर्थ म्हणूनच आम्ही असा लावतो. महामौन त्या मुक्या पिस्तूलबाजाचे नव्हे. त्याला बोलता येत नव्हते, आणि तरीही तो आला. महामौन त्या गावाचे आहे, ज्याला गळा होता. बंद खिडक्यांआड बसून पिठ्यातील गोळ्यांचे आवाज ऐकणाऱ्यांचे आहे. ती माणसे वाईट होती असे कोणी म्हणत नाही. त्यांनी कायदा मोडला नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीने, आमच्या कानी आले आहे त्याप्रमाणे, यापुढे चित्रपट निवडताना ‘कौटुंबिक व प्रसन्न’ असेच निवडावेत असा ठराव करण्याचे योजिले आहे. सभासद या नात्याने आमचा त्या ठरावास विरोध राहील, आणि या वेळी आम्ही तो उभे राहून, मोठ्याने नोंदवू. ज्येष्ठ मित्रांविषयी आमचा आदर यत्किंचितही कमी झालेला नाही. त्यांना आमची एवढीच विनंती आहे, की एकदा तो चित्रपट पुन्हा पाहावा, आणि तो संपल्यावर आपल्या दीर्घ सेवेतील एक तरी सही आठवून पाहावी, जी पूर्णपणे कायद्याप्रमाणे होती. तशी एकही आठवली नाही, तर आम्ही हा सारा लेख मागे घेऊ. आठवली, तर आक्षेप कोणी मागे घ्यावयाचे, हे त्यांनीच ठरवावे.